डॅशकॅमचा जीपीएस लॉकच होईना, वेळ पण साडेपाच तास मागे. सोलापुरात कुणी हे निस्तरलंय का?

जुळे_सोलापूर · रविवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. दीड महिना झाला या जीपीएसनं डोकं उठवलंय म्हणून सगळं सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या. डिसेंबरात गाडीला समोरचा डॅशकॅम बसवला. जीपीएस कॅमेऱ्यात नाही, काचेला चिकटवतात त्या माउंटमध्ये आहे. पहिले तीन महिने गाडी चालू केली की मिनिटभरात उपग्रहाचं चिन्ह हिरवं व्हायचं, स्पीड दिसायचा, घरी येऊन नकाशावर सगळा रस्ता बघता यायचा. एप्रिलपासून ते चिन्ह नुसतं लुकलुकतंय. मागच्या शनिवारी पुण्याला निघालो, मोहोळ मागं पडलं तरी लॉक नाही, पुढं चहाला थांबलो तेव्हा गाडी चालूच ठेवली होती तर तिथं उभ्या उभ्या लागला आणि मग थेट हडपसरपर्यंत एकदाही सुटला नाही. म्हणजे उपकरण मेलेलं नाही.

हे इतकं मनाला लावून घ्यायचं कारण वेगळं आहे. दोन आठवड्यांपूर्वी आईवडिलांना घेऊन मंगळवेढ्याला चाललो होतो, तिऱ्ह्याच्या पुढं एका टेम्पोनं डाव्या बाजूनं घासलं आणि तो म्हणतोय चूक तुमची, तुम्ही जोरात होता. मी पन्नासच्या आत होतो. व्हिडिओ आहे, स्वच्छ आहे, पण खाली स्पीड शून्य, जागा कोरी आणि वेळ पहाटे ४:०५. चित्रात लख्ख ऊन पडलंय आणि वेळ पहाटेची! विम्याच्या माणसानं तीनदा विचारलं की हा व्हिडिओ त्याच दिवसाचा कशावरून. आईचा हात अजून दुखतोय आणि मी हे सिद्ध करत बसलोय, फार त्रास झाला त्याचा.

आतापर्यंत केलेलं: फॅक्टरी रिसेट, नवीन फर्मवेअर, कार्ड फॉरमॅट. फरक शून्य. दुकानदार म्हणतो माउंट बदला. बदलू का?

पार्कचौक · रविवार, रात्री १०:५१

आई बऱ्या आहेत ना आता? आधी ते सांगा.

आणि थांबा, लगेच पैसे घालू नका. चार गोष्टी सांगा. मार्च-एप्रिलमध्ये गाडीत काय काय नवीन केलं, काचेला फिल्म लावली का, करंट कुठून घेतलाय (लायटर सॉकेट का हार्डवायर, म्हणजे थेट फ्यूज बॉक्समधून), आणि माउंट काचेवर नेमकं कुठं आहे.

जुळे_सोलापूर · रविवार, रात्री ११:१५

आई बऱ्या आहेत, मुका मार होता. विचारलंत, बरं वाटलं.

आता तुम्ही विचारल्यावर मोजतोय तर एप्रिलात तीन गोष्टी एकदमच झाल्या आहेत. उन्हामुळं सगळ्या काचांना फिल्म लावली. त्याच आठवड्यात लायटरची लोंबणारी वायर नको म्हणून दुकानातून हार्डवायर किट टाकून घेतलं. आणि मोबाईलचा वायरलेस चार्जिंगवाला स्टँड लावला एसीच्या जाळीवर. माउंट आरशाच्या मागं, काचेवर काळे ठिपके असतात त्याच्या जरा खाली.

एमएच_तेरा · सोमवार, सकाळी ६:४०

मालक मी टूरिस्ट गाडी चालवतो, अक्कलकोट तुळजापूर पंढरपूर रोजचंच. माझ्याकडं पण असंच झालतं, माझं कारण लई साधं निघालं. माउंट आणि कॅमेरा जिथं जुळतात तिथं छोटे पितळी टाचणीसारखे पॉइंट असतात, त्यात आपल्याकडची धूळ बसती आणि कॅमेरा काढून घालून काढून घालून ते ढिले पण होतात. मोबाईलवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, पाच मिनिटाचं काम आहे. आणि अजून एक, बऱ्याच मॉडेलला वायर माउंटलाच लावावी लागती. कॅमेऱ्याच्या बुडाला लावली तर रेकॉर्डिंग होतंय पण जीपीएसला करंटच जात नाही.

जुळे_सोलापूर · सोमवार, सकाळी ९:०५

पुसलं. वायर माउंटलाच आहे. फरक नाही पडला दादा, पण पॉइंट खरंच काळे झाले होते, बरं झालं सांगितलंत.

रेडिओवाले_काका · सोमवार, दुपारी २:३०

मी तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, आता निवृत्त आहे, पण हा विषय माझ्या आवडीचा. जरा मुळातून सांगतो कारण हे एकदा कळलं की माणूस उगाच माउंट बदलत बसत नाही.

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून येणारी लहर १५७५.४२ मेगाहर्ट्झवर असते आणि आपल्या गाडीपर्यंत पोचते तेव्हा तिची ताकद उणे १३० डीबीएमच्या आसपास, म्हणजे एवढी क्षीण की ती खोलीतल्या साध्या विजेच्या गोंगाटाच्याही खाली गाडलेली असते. रिसीव्हर ती गणितानं उकरून काढतो. भर आठवडी बाजारात कुणीतरी दूरवरून तुमच्या नावानं कुजबुजतंय आणि ते तुम्हाला ऐकायचंय, अशी गत. आता तुमच्या कानाजवळच एखादा सतत भोंगा वाजवत असेल तर? हार्डवायर किट हा तसला भोंगा असू शकतो. ते १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करतं ते दर सेकंदाला लाखो वेळा करंट चालू-बंद करून. चांगल्या किटमध्ये तो गोंगाट आत दाबायला फिल्टर आणि पत्र्याचं कवच असतं, स्वस्तात ते गाळलेलं असतं आणि मग सगळा कचरा वायरीतून बाहेर पसरतो.

आता तुम्ही लिहिलेली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: उभी गाडी असताना लागला आणि मग सुटला नाही. पहिल्यांदा जागा काढायला रिसीव्हरला प्रत्येक उपग्रहाकडून त्याचा कक्षेचा तपशील वाचावा लागतो, तो दर ३० सेकंदांनी एकदा येतो आणि मधे एक तुकडा जरी गळला तरी पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. असे निदान चार उपग्रह लागतात. एकदा तपशील हातात आला की मग फक्त लहर पकडून राहायचं असतं, ते कमी ताकदीतही जमतं. तो तपशील साधारण चार तास चालतो, म्हणून चहाला थांबून परत निघालात तर लगेच लागतो आणि रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी परत पहिल्यापासून. म्हणजे तुमचा रिसीव्हर ठीक आहे, त्याच्यापर्यंत येणारं क्षीण झालंय किंवा त्याच्याभोवती गोंगाट वाढलाय.

काच, वायर आणि स्टँड, तिघांवरही संशय आहे. तिघांना एकदम बाजूला काढू नका, एकेकाला काढा, नाहीतर कोण होतं ते कधीच कळणार नाही. मोबाईलवर जीपीएसटेस्ट नावाचं ॲप घ्या, त्यात प्रत्येक उपग्रहासमोर त्याच्या सिग्नलच्या ताकदीचा आकडा (डेसिबलमध्ये) दिसतो. मोकळ्या जागी ४० च्या पुढं म्हणजे उत्तम. २५-२७ च्या खाली गेला की तपशील वाचणं जड जातं. ३ नं कमी म्हणजे ताकद निम्मी, हे लक्षात ठेवा. गाडी उघड्यावर लावून मोबाईल माउंटला टेकवून धरा आणि एकेक गोष्ट बंद-चालू करत आकडे लिहून ठेवा.

अक्कलकोट_रोड · सोमवार, संध्याकाळी ७:१२

काका जबरदस्त लिहिलंत. माझा पण सेम प्रॉब्लेम आहे, माझ्यात तर लॉक कधीच होत नाही, आणि गंमत वाटेल पण त्याच महिन्यापासून फास्टॅग पण टोलवर चालेना, सावळेश्वरला दर वेळी तो पोरगा हातातलं मशीन घेऊन काचेजवळ येतो तेव्हा कुठं वाचतो. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का? फास्टॅगमुळं जीपीएस बिघडतो असं एकानं सांगितलं म्हणून मी टॅग काढून खाली चिकटवणार होतो.

रेडिओवाले_काका · सोमवार, रात्री ८:००

टॅग काढू नका हो! एकदा उचकटला की नवा घ्यावा लागेल. फास्टॅगमध्ये बॅटरीच नसते, तो आपणहून काही पाठवत नाही, टोलवरच्या अँटेनाची लहर पडली की तिच्याच जोरावर उत्तर देतो, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. जीपीएसला त्याचा त्रास नाही.

पण तुम्ही फार कामाचा धागा दिलात. दोन वेगवेगळ्या लहरी एकाच महिन्यापासून अडायला लागल्या तर दोघांच्या वाटेत समान काय आहे? काच. तुम्ही पण फिल्म लावलीय का?

अक्कलकोट_रोड · सोमवार, रात्री ८:०९

हो!! मार्चएंडला. दुकानदार म्हणाला पुढच्या काचेची ७० टक्केवाली आहे, नियमात बसते, म्हणून निर्धास्त होतो.

पार्कचौक · सोमवार, रात्री ८:३४

तो नियम उजेडाचा आहे, रेडिओचा नाही. पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. २०१२ साली सुप्रीम कोर्टानं काळ्या फिल्मवर निकाल दिला तेव्हापासून सगळ्यांना हेच आकडे पाठ आहेत. पण फिल्म दिसायला काचेसारखी स्वच्छ असूनही तिच्यात धातूचा पातळ थर असू शकतो, तोच उष्णता परतवतो आणि तोच लहरी पण परतवतो. डाय मारलेल्या किंवा सिरॅमिक फिल्मचा असा त्रास सहसा होत नाही. काही गाड्यांच्या काचेतच कंपनीकडून असा थर असतो, तिथं आरशामागं मुद्दाम थोडी जागा मोकळी सोडतात टॅग आणि कॅमेऱ्यासाठी. त्यामुळं दुकानात टक्का विचारलात तसं धातू आहे का हे पण विचारायचं.

बाळीवेस · सोमवार, रात्री ९:४८

मला वाटतं दोघांनी पण नाविकवाला डॅशकॅम घ्यावा. आपले भारताचे उपग्रह आहेत, कायम आपल्या डोक्यावर असतात, सिग्नल जास्त मिळणार.

रेडिओवाले_काका · सोमवार, रात्री १०:१०

अभिमान मलाही आहे, पण इथं ते औषध नाही. नाविक मुळात ११७६.४५ मेगाहर्ट्झवर आणि एस बँडवर चालतो, साध्या जीपीएसची जी वारंवारता आहे त्यावर यायला सुरुवात झाली ती मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून. बाजारातल्या साध्या डॅशकॅममध्ये बहुधा जीपीएस आणि फार तर रशियाचा ग्लोनास असतो. आणि काचच अडवत असेल किंवा वायरच गोंगाट करत असेल तर उपग्रह कुणाचेही असोत, लहर तिथंच मरणार.

बाळीवेस · सोमवार, रात्री १०:१५

कळलं काका, धन्यवाद. मी नवीन घ्यायच्या विचारात होतो म्हणून विचारलं.

जुळे_सोलापूर · मंगळवार, सकाळी ८:५०

आज सकाळी साडेसहालाच गाडी विजापूर रोडला बाहेर मोकळ्या माळावर नेऊन लावली, ना झाड ना बिल्डिंग. मुलीला शेजारी बसवून वहीत आकडे लिहून घेतले, वरच्या चार-पाच उपग्रहांची सरासरी देतोय.

मोबाईल गाडीच्या टपावर: ४३. आत माउंटला टेकवून, सगळं बंद: ४०. म्हणजे काच आणि फिल्म मिळून ३ च गेले, माझी फिल्म निर्दोष! मी तर काल रात्री ती काढायला पैसे बाजूला ठेवले होते. मग चार्जिंगचा स्टँड चालू केला: ३९. आणि मग हार्डवायरवर कॅमेरा चालू केला तर बघता बघता २५, २४, दोन उपग्रह तर यादीतूनच गेले. बंद केला, परत ४०. तीनदा केलं, तीनही वेळा तेच. मग कॅमेरा पॉवरबँकवर लावला: ३८. आणि मिनिटभरात चिन्ह हिरवं. दीड महिन्यानं हिरवं बघितलं, मुलगी टाळ्या वाजवायला लागली.

रेडिओवाले_काका · मंगळवार, सकाळी ९:३०

मुलीला माझ्याकडून शाबासकी. ४० वरून २५ म्हणजे १५ नं घट, म्हणजे सुमारे तीसपट! कॅमेरा स्वतः २ च खातोय, बाकी १३ त्या किटचे. आता किटची डबी कुठं बसवलीय ते बघा, मला शंका आहे. आणि एफएम लावून बघा, कॅमेरा चालू केल्यावर खरखर वाढते का.

जुळे_सोलापूर · मंगळवार, दुपारी १:२०

काका तुम्ही गाडी न बघता कसं ओळखलंत. डबी आरशाच्या मागं, रूफ लायनिंगमध्ये खुपसलेली, माउंटपासून चार बोटांवर. वर उरलेली सगळी वायर गुंडाळून तिथंच कोंबलेली. आणि आकाशवाणी सोलापूर लावलं तर कॅमेरा चालू केला की खर्रर्र, बंद केला की स्वच्छ. ही खरखर मला दीड महिना ऐकू येत होती आणि मी रेडिओला दोष देत होतो.

रेडिओवाले_काका · मंगळवार, दुपारी १:४५

बसवणाऱ्याला वाईट म्हणायचं नाही, वर ठेवलं की ५ व्होल्टची वायर आखूड लागते म्हणून करतात, पण जागा चुकली. डबी खाली फ्यूज बॉक्सजवळ आणा. वर फक्त ५ व्होल्टची वायर जाऊ दे, आणि ती ए-पिलरवरून (पुढच्या काचेच्या कडेचा खांब) माउंटच्या विरुद्ध बाजूनं आणता आली तर उत्तम. उरलेल्या वायरीचा वेटोळा वर नको, खालीच ठेवा. माउंटपासून वीतभर अंतरावर फेराइटचा मणी लावा, कॉम्प्युटरच्या वायरीवर काळा गोळा असतो तो, दोन तुकड्यांचा मिळतो, वायर दोनदा त्यातून फिरवून घ्या. एवढं करूनही आकडा ३५ च्या वर आला नाही तर किट बदला, फिल्टरवालं घ्या. ए-पिलरमध्ये पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून गेली पाहिजे, पुढून नको. हे सोडून बाकी कशात घाई चालेल, यात नाही.

मागचा कॅमेरा असणाऱ्यांनी पण बघा, त्याची लांब वायर माउंटला खेटून गेली तरी हाच प्रकार होतो.

एमएच_तेरा · मंगळवार, रात्री ९:२०

काका वायरीचं बरोबर आहे पण उन्हाचं पण सांगा की सगळ्यांना. मे महिन्यात ४२-४३ जातंय आपल्याकडं, बंद गाडीच्या काचेमागं त्याच्यावर कितीतरी. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याची बॅटरी फुगून कव्हर उचकटलं होतं. आता कपॅसिटरवालाच घेतो मी, बॅटरी नको. आणि काही माउंटात आत बारकी बॅटरी असती जीपीएसची आठवण ठेवायला, ती उन्हानं गेली की दर वेळी गाडी चालू केली की त्याला सगळं नव्यानं शोधावं लागतंय. पंढरपूरला गाडी दिवसभर उन्हात उभी असती तेव्हा मी तर कॅमेरा काढून सीटखालीच ठेवतो.

मोहोळचा · बुधवार, सकाळी ७:३०

मूळ धाग्यातल्या वेळेबद्दल कुणी बोललंच नाही. जीपीएस लॉक झाला की बरेच कॅमेरे आपलं घड्याळ उपग्रहावरून लावतात आणि तो वेळ जागतिक असतो, आपला त्याच्यापेक्षा साडेपाच तास पुढं. फॅक्टरी रिसेट केलंत तेव्हा टाइम झोन शून्यावर गेला असणार. सकाळी ९:३५ ला घासलं असेल तर पहाटे ४:०५ दिसणार, तुमचं गणित तंतोतंत जुळतंय. सेटिंगमध्ये +५:३० करा. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात अर्धा तास निवडताच यायचा नाही, ५ किंवा ६, मग मी उपग्रहावरून वेळ घेणं बंद करून हातानं लावायचो आणि महिन्यातून एकदा तपासायचो.

विम्याच्या माणसाला हेच कागदावर मांडून द्या: दाखवलेली वेळ अधिक ५:३०. सोबत त्याच दिवसाच्या आधीच्या फाइली द्या, त्यात पण फरक नेमका तेवढाच दिसेल. मूळ कार्ड वापरणं थांबवा आणि ते तसंच जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी पुरावा म्हणून देऊ नका, त्यात व्हिडिओ दाबला जातो आणि फाइलमधली जीपीएसची माहिती पण उडते.

जुळे_सोलापूर · बुधवार, सकाळी ८:१०

९:३५ च झाले होते! बरोबर त्याच वेळी मी भावाला फोन केलेला, कॉल लॉगमध्ये ९:३७ आहे. तुम्ही माझ्या छातीवरचा दगड उतरवलात. मी रिसेट केलं ते घासायच्या तीन दिवस आधीच, म्हणजे तेव्हापासून सगळ्याच फाइली साडेपाच तास मागे आहेत. आज कार्ड बदलतो.

बाळीवेस · बुधवार, सकाळी ११:०२

माझ्या मामांच्या जुन्या कॅमेऱ्यात तारीख एकोणीस-वीस वर्षं मागची दाखवतोय अचानक. जागा आणि स्पीड मात्र बरोबर. हे पण टाइम झोन?

रेडिओवाले_काका · बुधवार, सकाळी ११:४०

नाही, हे वेगळं. जीपीएस आठवडे मोजतो आणि जुन्या पद्धतीत तो आकडा १०२३ च्या पुढं जात नाही, परत शून्यावर येतो. १०२४ आठवडे म्हणजे साडेएकोणीस वर्षांच्या थोडं वर. शेवटचा असा फेरा ६ एप्रिल २०१९ ला झाला. काही चिपमध्ये हा हिशोब कारखान्यानं वेगळ्या आठवड्यापासून धरलेला असतो म्हणून त्या मधेच कधीतरी मागं उडी मारतात. कंपनीनं नवीन फर्मवेअर दिलं तर सुटेल, नाहीतर उपग्रहावरून वेळ घेणं बंद करा आणि हातानं लावा.

अक्कलकोट_रोड · गुरुवार, रात्री ८:२५

माझा रिपोर्ट. जुळे सोलापूरवाल्या दादांसारखंच वहीत लिहून केलं. टपावर ४३, आत सगळं बंद असताना २७. म्हणजे कॅमेरा चालू करायच्या आधीच खेळ संपलेला. त्याच दुकानात गेलो, विचारलं तर म्हणाले हो ही मेटलवाली आहे, उन्हाला चांगली. भांडलो नाही, फक्त पुढच्या काचेची काढून सिरॅमिक लावून घेतली, वरचा फरक भरला. आता आत ४०. आज कामानिमित्त मोहोळला जाऊन आलो, सावळेश्वरला जाताना-येताना टॅग लांबूनच वाचला, गाडी थांबवायलाच लागली नाही, आणि जीपीएस घरातून निघून सात रस्ता यायच्या आत हिरवा.

पार्कचौक · गुरुवार, रात्री ८:५०

एकच लक्षण, दोन गाड्या, दोन वेगळी कारणं. आणि एकाला माउंट बदला म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्याला फास्टॅगचा दोष.

जुळे_सोलापूर · शनिवार, संध्याकाळी ६:४०

काम झालं. नवी पेठेतल्या ओळखीच्या वायरमनकडं बसून डबी खाली आणून घेतली, वायर ड्रायव्हरच्या बाजूच्या पिलरमधून एअरबॅगच्या मागून घेतली, वेटोळा फ्यूज बॉक्सपाशी बांधला. नुसतं एवढ्यानं आकडा २५ वरून ३४ वर आला. दोन मणी लावले, ३७. एफएम स्वच्छ. आज सकाळी पार्किंगच्या छपराखालून बाहेर काढून गेटबाहेर उभी केली आणि घड्याळ लावलं, ४२ सेकंदात हिरवा. मग मुद्दाम तिऱ्ह्यापर्यंत जाऊन आलो, पूर्ण रस्ता नकाशावर आला, कुठं तुटला नाही. स्पीड गाडीच्या मीटरपेक्षा तीन-चारनं कमी दाखवतोय, ते चालतं ना?

रेडिओवाले_काका · शनिवार, संध्याकाळी ७:०५

चालतं. गाडीचं मीटर मुद्दाम थोडं पुढं दाखवणारं बनवलेलं असतं. सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगानं चालत असाल तर जीपीएसचा आकडा जास्त खरा. वळणावर, ब्रेक मारल्यावर तो सेकंदभर मागं राहतो, आणि बोगद्यात गेलात की सुटणारच, त्यानं घाबरू नका, बाहेर आलात की काही सेकंदात परत लागतो.

जुळे_सोलापूर · शनिवार, संध्याकाळी ७:३०

विम्याच्या ऑफिसात शुक्रवारी जाऊन आलो. मोहोळच्या दादांनी सांगितल्याप्रमाणं एका कागदावर लिहिलं, कॉल लॉगचा फोटो जोडला, आधीच्या तीन दिवसांच्या फाइली दिल्या, मूळ कार्ड दाखवलं. त्यांनी सगळं नीट बघितलं आणि वेळेचा मुद्दा मान्य केला. स्पीडचं मात्र व्हिडिओवरूनच बघावं लागेल म्हणाले, ती माहिती त्या दिवशी नोंदलीच गेली नाही, आता कुठून आणणार.

मोहोळचा · शनिवार, रात्री ८:१२

व्हिडिओवरून पण काढता येतो. रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या तुटक पट्ट्या एका पट्टीच्या सुरुवातीपासून पुढच्या पट्टीच्या सुरुवातीपर्यंत प्रत्यक्ष टेपनं मोजा, व्हिडिओत दहा पट्ट्या पार व्हायला किती सेकंद लागले ते बघा. मोजलेले मीटर गुणिले दहा, भागिले सेकंद, गुणिले ३.६, की ताशी किलोमीटर आले. घासायच्या आधीचा सरळ तुकडा घ्या. आणि एकटे रस्त्यात उतरू नका, कुणाला तरी मागं उभं करा.

एमएच_तेरा · शनिवार, रात्री ८:२०

उद्या सकाळी माझी गाडी रिकामी आहे मालक. सहाला तिऱ्ह्याला येतो, मागं पार्किंग लाइट लावून उभा राहतो, तुम्ही टेप घेऊन या.